जुन्या मल्टिमीटरची पारख

‘मापनाची साधने’ लेखमाला : लेखांक ८

चंदीगडच्या सेक्टर ३२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि गोस्वामी गणेशदत्त सनातन धर्म महाविद्यालय या दोन मोठ्या संस्था आहेत. तिथून फार लांब नसलेल्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटन ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. ती १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झाली, १९६२ मध्ये चंदीगडला आली, आणि १९६३ पासून तिच्याच छत्राखाली इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्र उपकरण-तंत्रज्ञ घडवत आले आहे. रुग्णालयातील यंत्रांची देखभाल करणारा विभाग, महाविद्यालयातील भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आणि उपकरणविद्या शिकवणारी संस्था या तिन्ही ठिकाणी मल्टिमीटर रोज हाताळला जातो, आणि तिन्ही ठिकाणी त्याला होणारी इजा मात्र वेगवेगळी असते. सरकारी संस्थांतील अशी उपकरणे कालांतराने निर्लेखित होतात, म्हणजे साठानोंदवहीतून वजा केली जातात, आणि लिलावातून व्यापाऱ्यांकडे जातात. कारखान्यांतील उपकरणे बहुधा इतर भंगाराबरोबर ठोक भावाने निघतात. पुढे त्यांतलीच काही पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर किंवा मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात नव्या धन्याची वाट पाहत पडलेली दिसतात.

मल्टिमीटर म्हणजे विद्युतदाब, विद्युतधारा आणि रोध या तीन राशी एकाच पेटीत मोजणारे साधन होय. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये ‘एव्हो’ मीटर बाजारात आला, त्याची परंपरा २००८ पर्यंत चालली, आणि या प्रकारच्या साधनाची घडण बऱ्याच अंशी त्यानेच ठरवली. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या साधनाशी नाशिकचे नाते जुने आहे. १९०९ मध्ये सिंधमध्ये सुरू झालेली आणि ‘शिकागो रेडिओ’ या नावाच्या ध्वनिवर्धकांमुळे काँग्रेसच्या सभांतून देशाला परिचित झालेली मोटवाणे ही संस्था पुढे नाशिक रोडला मापनयंत्रे बनवू लागली, आणि तिचे काट्याचे मल्टिमीटर तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत दीर्घकाळ वापरले गेले; १९८२ मध्ये स्थापन झालेल्या रिषभ इन्स्ट्रुमेंट्सनेही नाशिकमधूनच पॅनेलवरची आणि हातातली मीटरे देशाबाहेर पोचवली. मुंबईच्या मेकोचे मीटर, जपानच्या सानवाचे मीटर आणि अमेरिकेच्या फ्लूकचे पिवळे मीटर यांची यात भर घातली की जुन्या बाजारात घेण्याजोग्या मालाचे चित्र पुरेसे स्पष्ट होते. डीटी-८३० या घडणीचे लहान, हलके, स्वस्त मीटर मात्र जुने घेण्यात काहीच हशील नाही, कारण नव्याची किंमतच इतकी कमी असते की वापरलेल्यातला धोका पत्करण्याइतकी बचत होत नाही.

जुना मीटर तपासताना बहुतेक घेणारे प्रथम अचूकपणाकडे पाहतात, आणि हाच क्रम चुकीचा आहे. १.५० व्होल्टच्या जागी १.५२ दाखवणाऱ्या मीटरने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु जिवंत तारेवर शून्य दाखवणारा मीटर माणसाला त्या तारेला हात लावायला लावतो. आतून तुटलेली लीड, सैल झालेला जॅक किंवा उमटत नसलेला आकडा, यांपैकी कोणत्याही कारणाने मीटर गप्प बसला तरी पाहणाऱ्याला ते मौन ‘वीज नाही’ या उत्तरासारखेच दिसते. म्हणून तपासणीचा क्रम अचूकपणावरून नव्हे, तर संभाव्य इजेवरून ठरवला पाहिजे, आणि त्या क्रमात पहिला मान लीडांचा, दुसरा फ्यूजांचा आणि त्यानंतर आकड्यांचा आहे.

लीड म्हणजे मीटरपासून मोजायच्या जागेपर्यंत जाणाऱ्या लाल व काळ्या तारा. त्यांचे आवरण पिनच्या मुळाशी आणि जॅकमध्ये खोचायच्या टोकाशी प्रथम फाटते, कारण वाकण्याचा सर्व ताण तिथेच येतो. मीटर रोधाच्या सर्वांत लहान पट्ट्यावर ठेवून दोन्ही टोके एकमेकांना टेकवली असता साधारण ०.१ ते ०.३ ओहम दिसावे, आणि त्याच स्थितीत तारा मुळाशी हळूहळू वाकवत नेल्या तरी आकडा स्थिर राहावा. आकडा उड्या मारत असेल तर तारेचे काही धागे आत तुटलेले आहेत असे समजावे. नव्या लीड सहज मिळतात, त्यामुळे लीड खराब असणे हे मीटर नाकारण्याचे कारण नव्हे. मात्र मीटरच्या अंगावरचा जॅक वितळलेला, काळवंडलेला किंवा हलणारा असेल, तर त्यातून कधीतरी फार मोठी धारा गेली आहे, आणि असा मीटर कितीही स्वस्त मिळाला तरी घरातील वायरिंगसाठी घेऊ नये.

ती मोठी धारा कशी जाते, हे समजले की फ्यूजचे महत्त्व आपोआप कळते. दाब मोजताना मीटर मंडलाला समांतर जोडतात आणि त्याचा स्वतःचा रोध प्रचंड असतो, तर धारा मोजताना मीटर मंडलाच्या मार्गातच घालतात आणि त्याचा रोध जवळजवळ शून्य असावा लागतो. आधीच्या मापनानंतर लाल लीड दहा अँपिअरच्या जॅकमध्येच राहून गेली आणि तीच टोके २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातली, तर मीटर मोजणी करत नाही, तो दोन तारांमधला सरळ शॉर्ट बनतो. अशा वेळी मधली वितळतार, म्हणजे फ्यूज, केवळ वितळून भागत नाही, तर वितळल्यावर पेटलेली ठिणगीही तिने विझवावी लागते. त्यासाठी चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेले, चिनीमातीच्या नळीचे आणि मीटरच्या दर्जाइतका दाब तोडू शकणारे फ्यूज असतात. काचेच्या नळीचा साधा फ्यूज ठिणगी विझवण्याच्या बाबतीत त्यापुढे अगदी दुबळा ठरतो, आणि मोठ्या शॉर्टमध्ये काच फुटून मीटरच्या पोटात ठिणगी चालूच राहू शकते.

मूळ फ्यूज महाग असतो आणि दुकानात लगेच मिळत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मीटरमध्ये त्याच्या जागी काचेचा फ्यूज, क्वचित तांब्याच्या तारेचा तुकडा, आणि कधी नळीभोवती गुंडाळलेला चांदीचा कागदही सापडतो. म्हणून मागचे झाकण उघडून पाहू देण्यास विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. झाकण उघडता येत नसेल तेव्हा बहुतेक डिजिटल मीटरमध्ये एक सोपी युक्ती चालते. मीटर रोधावर ठेवून लाल लीडचे एक टोक नेहमीच्या व्होल्ट-ओहम जॅकमध्ये ठेवावे आणि तिचे दुसरे टोक त्याच मीटरच्या धारेच्या जॅकमध्ये घालावे; फ्यूज शाबूत असेल तर मोठ्या अँपिअरच्या जॅकवर अर्ध्या ओहमच्या आत आणि मिलिअँपिअरच्या जॅकवर त्या मॉडेलच्या रचनेनुसार काही ओहमपासून सुमारे हजार ओहमपर्यंत आकडा दिसतो, आणि फ्यूज उडालेला असेल तर मार्ग खुला असल्याचे चिन्ह दिसते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून आलेल्या मीटरमध्ये मिलिअँपिअरचा फ्यूज उडालेला असणे अगदी सर्वसामान्य आहे, कारण शिकणारा विद्यार्थी धारेचा पट्टा निवडूनही मीटर समांतर जोडतो. हा दोष क्षम्य आहे, फ्यूज बदलला की मीटर पूर्ववत होतो. काही स्वस्त मीटरच्या दहा अँपिअरच्या जॅकशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असे छापलेले असते, याचा अर्थ त्या मार्गात फ्यूजच नाही. असा मीटर घरातील विजेजवळ नेऊ नये.

त्याच जॅकशेजारी रोमन अंकांत वर्गही छापलेला असतो. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दुसरा वर्ग भिंतीवरच्या प्लगला जोडलेल्या उपकरणांसाठी, तिसरा इमारतीतील वितरण-पेट्यांसाठी आणि चौथा इमारतीत शिरणाऱ्या मुख्य जोडणीसाठी असतो, कारण मुख्य स्रोताच्या जितके जवळ जावे तितकी क्षणिक दाबाची लाट आणि तिच्यामागची ऊर्जा वाढत जाते. हे अक्षर कोणीही छापू शकतो, ही यातली खरी अडचण आहे. झाकण उघडले असता जॅकजवळ दाबाची लाट गिळणाऱ्या, गोळीसारख्या चकत्या आणि मुद्रित मंडलाच्या पाटीत कापलेल्या फटी दिसल्या, तर छापील वर्गामागे काही काम झाले आहे असे मानता येते. त्यांच्या जागा पाटीवर आखलेल्या असून त्यांवर भागच बसवलेले नसतील, तर तो वर्ग केवळ शाईचा आहे. नामांकित मीटरच्या नकला ओळखण्यालाही हीच खूण उपयोगी पडते. सानवाच्या वायएक्स-३६० या काट्याच्या मीटरची हुबेहूब, नावात एखाद्या अक्षराचाच फरक असलेली रूपे बाजारात फार फिरली आहेत, आणि दर्शनी भागावरून ती ओळखणे कठीण असते.

सेलचा कप्पा उघडायला क्षणही लागत नाही, पण तो बरेच काही सांगतो. मीटर वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिला तर सेल फुटून त्यातील द्रव पत्र्यांवर उतरतो. अल्कलाइन सेलचा पांढरा थर पोटॅशिअम हायड्रॉक्साइडपासून बनलेला असतो आणि तो व्हिनेगरने उतरवता येतो, पण हिरवट गंज तारेच्या आवरणाखालून पाटीपर्यंत चढला असेल तर पुढची दुरुस्ती वेळखाऊ होते. विक्रेत्याने घातलेल्या सेलवर न विसंबता नवा सेल सोबत न्यावा, कारण अशक्त सेलवर चालणारे अनेक डिजिटल मीटर बंद पडत नाहीत, उलट प्रत्यक्षाहून जास्त दाब दाखवू लागतात. मीटर आत येणाऱ्या दाबाची तुलना स्वतःच्या संदर्भदाबाशी करतो, आणि सेल उतरल्यामुळे संदर्भदाबच खाली आला की तीच राशी तुलनेने मोठी भासते.

यानंतर पट्टा निवडण्याची खुंटी प्रत्येक जागी फिरवून पाहावी. आकडे उड्या मारत असतील तर खुंटीखालच्या संपर्कांवर मळ बसलेला असतो, आणि दहा-वीस वेळा पुढेमागे फिरवल्यावर बहुधा तो सुटतो. एका विशिष्ट जागी मात्र काहीच उमटत नसेल, तर तिथला संपर्क जळलेला असतो. पडद्यावरील आकड्यांचे तुटक दांडे पाहून घाबरू नये. पडदा आणि पाटी यांच्यामध्ये रबराची एक धारीदार पट्टी असते, ती एकाआड एक वाहक व अवाहक थरांनी बनलेली असते, आणि तिच्यावरची धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की बरेच आकडे परत येतात. तरीही घेण्यापूर्वी सर्व दांडे उजळलेले पाहणे आवश्यक आहे, कारण मधला दांडा नसलेला ८ आणि ० यांत फरक उरत नाही.

आकड्यांची खरी परीक्षा रोधापासून सुरू करावी, यालाही कारण आहे. रोध मोजताना मीटर आपल्याच सेलमधून क्षीण धारा सोडतो, आणि याच पट्ट्यावर असताना कोणी मीटर घराच्या विजेला लावला की आतील नाजूक भाग सर्वांत आधी जखमी होतात. त्यामुळे मीटरच्या पूर्वायुष्यातला सर्वांत मोठा अपघात रोधाच्या पट्ट्यावरच उघडकीस येतो. १०० ओहम, १० किलोओहम आणि १ मेगाओहम असे एक टक्का अचूकतेचे तीन मेटल फिल्म रोधक खिशात असले की काम भागते. असे रोधक पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा लॅमिंग्टन रस्त्यावर किरकोळ किमतीत मिळतात. अर्धा टक्का अचूकतेचा मीटर एक टक्क्याच्या रोधकाने पारखता येत नाही हे खरे, पण मोडलेला मीटर आणि शाबूत मीटर यांतला फरक त्याने नक्की कळतो.

दाबासाठी कोणत्याही प्रमाण यंत्राची गरज पडत नाही, कारण मीटर स्वतःलाच साक्ष देऊ शकतो. साध्या डिजिटल मीटरचे हृदय केवळ २०० मिलिव्होल्टपर्यंत मोजते आणि त्यावरचे सर्व दाब रोधकांच्या विभाजकाने, म्हणजे ठरावीक प्रमाणात दाब वाटणाऱ्या साखळीने, खाली आणले जातात. म्हणून एकच नवा सेल २ व्होल्टच्या पट्ट्यावर १.५८३ दाखवत असेल, तर २० च्या पट्ट्यावर १.५८ आणि २०० च्या पट्ट्यावर १.६ असेच दिसले पाहिजे. एखादा पट्टा मधूनच १.४९ म्हणू लागला, तर त्या साखळीतला एक रोधक सरकलेला आहे. याहून अधिक सांगणारी एक चाचणी आहे. नऊ व्होल्टची बॅटरी प्रथम सरळ मोजावी आणि नंतर मघाचा १ मेगाओहम रोधक मधे घालून पुन्हा मोजावी. ज्या मीटरचा आंतररोध १० मेगाओहम आहे तो दुसऱ्या वेळी सुमारे ८.२ व्होल्ट दाखवील, १ मेगाओहम आंतररोधाचा मीटर ४.५ वर येईल, आणि प्रतिव्होल्ट २० हजार ओहमचा काट्याचा मीटर १० व्होल्टच्या पट्ट्यावर जेमतेम दीड व्होल्टवर थांबेल. हे तिन्ही आकडे दोष नव्हेत, ते त्या त्या घडणीचे धर्म आहेत. परंतु १० मेगाओहम म्हणवणारा मीटर पाच व्होल्टवर उतरला, तर त्याच्या प्रवेशद्वारी असलेले संरक्षक भाग गळू लागले आहेत असे निश्चित समजावे.

काट्याच्या मीटरची परीक्षा निराळी असते, आणि मोटवाणे किंवा एव्हो यांसारखे मीटर घेणाऱ्याने ती मन लावून करावी, कारण त्यातले फिरते वेटोळे एकदा दुखावले की त्याचा कारागीर आता सहज सापडत नाही. प्रथम मीटर आडवा, उभा आणि कुशीवर धरून काटा शून्यापासून किती ढळतो ते पाहावे. थोडासा फरक चालतो, पण काटा बराच सरकत असेल तर त्याचा तोल गेलेला आहे. मग मीटर दाबाच्या पट्ट्यावर ठेवून हळूच डोलवावा आणि त्यानंतर ‘बंद’च्या खुणेवर किंवा सर्वांत मोठ्या डीसी धारेच्या पट्ट्यावर ठेवून तसाच डोलवावा. दुसऱ्या वेळी वेटोळ्याची टोके आतून जोडली गेलेली असतात, चुंबकाच्या क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्यात त्यामुळे धारा निर्माण होते, ती त्याच हालचालीला विरोध करते, आणि काटा सुस्तावतो. दोन्ही वेळा काटा सारखाच मोकाट झुलत असेल तर वेटोळे तुटल्याची शंका घ्यावी. एकही सेल न घालता, बाजारात उभ्या उभ्या होणारी ही चाचणी जुन्या तंत्रज्ञांची उत्तम देणगी आहे. रोधाच्या पट्ट्यावर काळी लीड आतल्या सेलच्या धन टोकाला जोडलेली असते, ही या मीटरांची रीतही लक्षात ठेवावी, नाहीतर चांगला डायोड उलटा वाटतो. एव्होच्या आठव्या मॉडेलच्या अनेक आवृत्त्यांना मोठ्या रोधासाठी १५ व्होल्टची निराळी बॅटरी लागते आणि ती आता सहसा मिळत नाही. ती नसल्यामुळे तो एक पट्टा बंद असला तर तो मीटरचा दोष धरू नये.

एसीचे, म्हणजे प्रत्यावर्ती दाबाचे, मापन बाजारात पूर्णपणे पारखता येत नाही. साधा मीटर लाटेची सरासरी काढून ती लाट शुद्ध ज्या-लाट आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे जुन्या धाटणीच्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर तो सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो, आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनंतरचे त्याचे आकडे भरवशाचे नसतात. ‘ट्रू आरएमएस’ असे लिहिलेला मीटर लाटेचे प्रत्यक्ष परिणामकारक मूल्य काढतो, आणि इन्व्हर्टर-दुरुस्तीचे काम असणाऱ्याने त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरते.

घराच्या विजेवरची चाचणी सर्वांत शेवटी येते, आणि तीही झाकणाचे सर्व स्क्रू बसवल्यावर, नव्या लीड लावून, लाल लीड व्होल्टच्याच जॅकमध्ये असल्याची खात्री करून, एसीच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यावर. आकडा बरोबर २३० यावा अशी अपेक्षा धरू नये, कारण पुरवठ्याचा दाब दिवसभर चढउतार करतो. भरवशाचा दुसरा मीटर त्याच वेळी त्याच प्लगवर लावून दोन्ही आकडे एकमेकांशी ताडावेत. पुढे या मीटरने ‘वीज नाही’ हे ठरवायचे असेल, तेव्हा प्रत्येक वेळी तो आधी माहीत असलेल्या जिवंत जागी लावावा, मग तपासायच्या जागी लावावा आणि लगेच पुन्हा त्या जिवंत जागी लावावा. हा तिसरा स्पर्श बहुतेक जण टाळतात, आणि मधल्या क्षणी मीटर मुका झाला असेल तर तो फक्त त्यानेच उघड होतो.

मीटरच्या पाठीवर कॅलिब्रेशनचे, म्हणजे प्रमाण मापाशी ताडून पाहिल्याचे, लेबल असेल तर त्यावरील तारीख वाचावी. जुनी तारीख मीटर नादुरुस्त ठरवत नाही, पण तो कधीतरी शिस्तीच्या जागी वापरात होता हे सांगते, आणि अशा मीटरला थोडा अधिक भाव देणे रास्त आहे. अधिकृत नोंदीसाठी आकडे लागणार असतील तर एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून दाखला घ्यावा लागतो. मुंबईत चुनाभट्टीची आयडेमी ही संस्था असे काम करते. प्रमाणांची ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. छंदासाठी किंवा दुरुस्तीच्या टेबलासाठी घेतलेल्या मीटरला इतका खर्च करण्याची गरज नाही. तिथे वर सांगितलेले तीन रोधक, एक नवा सेल आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी पुरतात, आणि एखादा पट्टा निकामी असला तरी लहान दाबाच्या कामासाठी असा मीटर कमी किमतीत खुशाल घ्यावा.

मंडल न तोडता धारा मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.